धंद्याच्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट: अमेरिकेतल्या राज्यांनी ते काढावं का?

दोन भागीदारांची एक कंपनी आहे, निम्मा-निम्मा वाटा. एका भागीदाराच्या लक्षात येतं की जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळतायत, आणि जातायत ती दुसऱ्याने गुपचूप काढलेल्या नव्या कंपनीकडे. तो हिशेब मागायला जातो तर पासवर्ड बदललेले. बँकेत सही दोघांची लागते, त्यामुळे कामगारांचे पगारही अडकलेत. या माणसाला कोर्टाकडून तीन गोष्टी हव्या आहेत: या आठवड्यात मनाई हुकूम, महिन्याभरात हिशेबाची कागदपत्रं आणि वर्षभरात निकाल. त्याहून उशीर झाला तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, वाटून घ्यायला कंपनीच उरत नाही.

अमेरिकेत हा माणूस कुठे जाणार? फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाचं दार त्याला बहुतेक बंदच असतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या रहिवासी असल्या आणि वादातली रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असली, तरच राज्याच्या कायद्यावरचा दावा फेडरल कोर्टात चालतो. त्यात एलएलसी (मालकांची जबाबदारी मर्यादित असलेल्या) प्रकारच्या कंपनीचं राज्य कोणतं, हे तिच्या प्रत्येक सभासदाच्या राज्यावरून ठरतं. दोघं भागीदार एकाच राज्यात राहत असले की विषय संपला. पेटंट, दिवाळखोरी, शेअर बाजारातल्या फसवणुकीचे काही दावे हे फेडरल कोर्टाचं स्वतःचं क्षेत्र आहे. पण करार, भागीदारी, संचालकांची जबाबदारी, कंपनीची खरेदी-विक्री हे सगळं मुख्यतः राज्याच्या कायद्याने चालतं. म्हणून हा प्रश्न वॉशिंग्टनपुढे नाही, एकेका राज्यापुढे आहे: अशा दाव्यांसाठी वेगळं न्यायालय काढायचं की नाही?

आमचं उत्तर ‘हो’ आहे. पण दारावर नवी पाटी लावून काही साधत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच न्यायाधीश, पहिल्याच बैठकीत ठरणारं वेळापत्रक, आणि कारणं देऊन लिहिलेले, सगळ्यांना वाचता येणारे निकाल. या तिन्हींची सोय नसेल तर नव्या कोर्टाचा खर्च न केलेलाच बरा.

नेहमीच्या कोर्टात नेमकं काय अडतं

राज्याच्या नेहमीच्या कोर्टातल्या न्यायाधीशांना कायदा कळत नाही, असं मुळीच नाही. अडचण त्यांच्या बोर्डाची, म्हणजे समोर लागलेल्या दाव्यांच्या यादीची आहे. बऱ्याच ठिकाणी एकाच न्यायाधीशासमोर खुनाचे खटले, गाड्यांच्या अपघातांचे दावे, जमिनीचे वाद आणि कंपन्यांची भांडणं एकत्र असतात. फौजदारी खटला लवकर चालावा हा आरोपीचा घटनेने दिलेला हक्क आहे. साहजिकच कोठडीतल्या माणसाचा खटला आला की दिवाणी दावा मागे सरकतो. तो सरकलाच पाहिजे. पण असा चार वेळा सरकला की वर्ष जातं.

दुसरी अडचण न्यायाधीश बदलण्याची. नॉर्थ कॅरोलिनाचं उदाहरण यात सगळ्यांत बोलकं आहे. तिथे सुपीरियर कोर्टाच्या (मोठे दावे पहिल्यांदा जिथे चालतात त्या कोर्टाच्या) न्यायाधीशांनी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत राहावं, हे तत्त्व राज्याच्या घटनेतच आहे, आणि सहा-सहा महिन्यांनी फिरती होते. एकाच गावात मुरून न्यायाधीशाचे लागेबांधे तयार होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण व्यापारी दाव्यात काय होतं बघा. दावा फेटाळा, असा प्रतिवादीचा पहिला अर्ज एका न्यायाधीशाने ऐकला. कागदपत्रं देण्यावरून भांडण झालं ते दुसऱ्याने ऐकलं. तज्ज्ञ साक्षीदार चालेल की नाही हे तिसऱ्यासमोर आलं. दर वेळी वकिलांनी पहिल्यापासून गोष्ट सांगायची, कंपनीच्या घटनेतली तीच कलमं पुन्हा वाचून दाखवायची आणि त्याचे तास अशिलाच्या बिलात लावायचे. शिवाय पहिल्या न्यायाधीशाने घेतलेली भूमिका तिसऱ्याला दिसतच नाही, मग हरलेली बाजू तोच मुद्दा नव्या कपड्यांत पुन्हा घेऊन येते. नॉर्थ कॅरोलिनाने १९९० च्या दशकाच्या मध्यावर बिझनेस कोर्ट काढलं तेव्हा दुखण्याचं मूळ हेच होतं, आणि औषधही साधंच होतं: एक दावा, एक न्यायाधीश.

नाव एक, तऱ्हा वेगवेगळ्या

बिझनेस कोर्ट म्हटलं की डेलावेअरचं नाव आधी निघतं, आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. डेलावेअरचं कोर्ट ऑफ चान्सरी १७९२ सालचं आहे. व्यापाऱ्यांसाठी म्हणून ते कोणी काढलंच नव्हतं. जुन्या इंग्रजी पद्धतीत ‘कायद्याची’ कोर्टं नुकसानभरपाई द्यायची आणि ‘इक्विटीची’ कोर्टं मनाई हुकूम, विश्वस्तांची जबाबदारी, हिशेब मागण्याचा हक्क असे विषय बघायची. बाकीच्या बहुतेक राज्यांनी दोन्ही एकत्र केली, डेलावेअरने वेगळी ठेवली. कंपनीचा संचालक हा एका अर्थी विश्वस्तच, म्हणून कंपन्यांची भांडणं आपोआप या कोर्टाकडे आली. इथे ज्युरी नसते. एक चान्सेलर आणि सहा व्हाइस चान्सेलर असे सात न्यायाधीश आहेत. राज्यपाल त्यांची नेमणूक करतात, राज्याची सिनेट मंजुरी देते, आणि मुदत १२ वर्षांची असते. नुसत्या पैशांच्या व्यापारी दाव्यांसाठी तिथल्या सुपीरियर कोर्टात २०१० पासून वेगळा विभाग आहे, तिथे किमान १० लाख डॉलरचा वाद लागतो.

न्यूयॉर्कची तऱ्हा निराळी. तिथल्या मूळ दाव्यांच्या कोर्टालाच ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात (नावाला फसू नका, राज्यातलं सर्वोच्च कोर्ट वेगळं आहे). १९९३ मध्ये मॅनहॅटनमध्ये काही न्यायाधीशांकडे फक्त व्यापारी दावे देऊन प्रयोग झाला आणि १९९५ मध्ये त्यातून ‘कमर्शियल डिव्हिजन’ उभा राहिला. नवी इमारत नाही, नवं कोर्ट नाही. आहे त्याच कोर्टात वेगळा बोर्ड आणि वेगळे नियम. शिकागोच्या कुक काउंटीतही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९९३ पासून असेच व्यापारी बोर्ड आहेत. मिशिगनने २०१२ च्या कायद्याने ठरवलं की ज्या सर्किट कोर्टात तीन किंवा जास्त न्यायाधीश आहेत, तिथे व्यापारी दाव्यांचा बोर्ड असलाच पाहिजे.

तिसरी तऱ्हा म्हणजे अगदी नवं, स्वतंत्र कोर्ट. जॉर्जियाने त्यासाठी २०१८ मध्ये मतदारांकडून राज्यघटनेत दुरुस्ती करून घेतली आणि २०२० मध्ये राज्यभराचं एक बिझनेस कोर्ट सुरू केलं. टेक्सासने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२४ ला डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो, फोर्ट वर्थ आणि ह्यूस्टन इथले पाच विभाग उघडले, प्रत्येकी दोन न्यायाधीश. कायद्यात विभाग अकरा आहेत, पण सुरुवात या पाचांनीच झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युटाचंही असं कोर्ट उघडलं.

कॅलिफोर्निया मात्र या वाटेला गेलं नाही, आणि त्यांचा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. तिथे २००० साली सहा काउंट्यांमध्ये ‘गुंतागुंतीच्या दाव्यांचे’ विभाग सुरू झाले. कसोटी ही नाही की पक्षकार व्यापारी आहे का. कसोटी ही की दावा सांभाळायला अवघड आहे का: पक्षकार खूप, साक्षीदार खूप, कागदपत्रांचे ढीग, अवघड कायदेशीर मुद्दे. त्यामुळे सदोष बांधकामामुळे शंभर घरमालकांनी केलेला दावाही त्याच न्यायाधीशाकडे जातो, ज्याच्याकडे दोन बँकांचं भांडण आहे.

दरवाजा: सगळ्यांत जास्त वेळ इथेच वाया जातो

कोणता दावा आत घ्यायचा हा नियम जितका धूसर, तितकी दारातली भांडणं जास्त. ज्या कोर्टाने वेळ वाचवायचा, तिथे पहिले सहा महिने ‘हे कोर्ट की ते कोर्ट’ यातच जाऊ शकतात.

टेक्सासच्या कायद्यात मूळ आकडे दोन होते. कंपनीच्या अंतर्गत कारभाराचे वाद, भागधारकांनी कंपनीच्या वतीने केलेले दावे, मालक किंवा संचालकांनी कर्तव्य मोडल्याचे दावे यांना ५० लाख डॉलरच्या वर. मोठ्या व्यवहारांच्या दाव्यांना १ कोटी डॉलरच्या वर. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर पहिल्या गटाला रकमेची अटच नाही. २०२५ च्या दुरुस्तीने १ कोटीची पायरी ५० लाखांवर आणली आणि व्यापारी गुपितांचे दावेही कक्षेत घेतले. पायरी इतक्या लवकर खाली आली, म्हणजे पहिला अंदाज फार वर धरला होता हे उघड आहे.

तिथे आणखी एक गोष्ट घडली. कायद्यात लिहिलं होतं की १ सप्टेंबर २०२४ ला किंवा त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांना तो लागू होईल. तरी जुने दावे नव्या कोर्टात हलवण्याचे अर्ज आले. कोर्टाचे सुरुवातीचे कित्येक लेखी निकाल कराराच्या किंवा कंपनीच्या कायद्यावर नव्हतेच. ते याच मुद्द्यावर होते, आणि जुने दावे परत पाठवले गेले. पुढे २०२५ च्या दुरुस्तीत जुन्या दाव्यांना संमतीने यायची वाट करून द्यावी लागली. कायदा लिहितानाच जुन्या दाव्यांचं काय, हे एका कलमात स्पष्ट लिहिलं असतं तर ते श्रम वाचले असते. जे राज्य आज असा कायदा लिहीत असेल त्याने हे कलम आधी लिहावं.

रकमेच्या अटीचा आणखी एक दोष आहे. आपल्या त्या दोन भागीदारांकडे परत जाऊ. कंपनीची किंमत समजा २० लाख डॉलर. वाद पैशांचा कमी आणि ताब्याचा जास्त: सही कोणाची चालणार, हिशेब कोण बघणार, नवीन कंपनी बंद करायची की नाही. टेक्सासच्या बिझनेस कोर्टात हा दावा बसत नाही. नॉर्थ कॅरोलिनात बसतो, कारण तिथे कंपनी किंवा भागीदारीच्या कायद्याचा प्रश्न असेल तर रक्कम न बघता दावा नेता येतो. ठरावीक प्रकारांत रक्कम ५० लाख डॉलर किंवा जास्त असली की तिथे न्यावाच लागतो. आमच्या मते हीच मांडणी बरोबर आहे. कंपनीच्या आतल्या भांडणाला रकमेची अट नको, कारण अवघड कायदा तिथेच असतो. साध्या वसुलीच्या दाव्याला मात्र अट हवी, नाहीतर न भरलेल्या बिलांचे दावेच बोर्ड भरून टाकतील.

मुदतीही जिवावर बेततात. नॉर्थ कॅरोलिनात वादीला दावा दाखल करतानाच बिझनेस कोर्टाची नोंद करावी लागते, आणि प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत. एकतिसाव्या दिवशी जाग आलेल्या वकिलाची नोटीस टिकत नाही. टेक्सासमध्येही दावा हलवायची नोटीस ३० दिवसांत द्यावी लागते. तिथे दिवस मोजायचे ते दावा या कोर्टात बसतो हे पक्षकाराला कळलं, किंवा कळायला हवं होतं, तेव्हापासून. ‘कळायला हवं होतं’ या तीन शब्दांवरही वाद होऊ शकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात निर्णय घेतलेला बरा.

आत गेल्यावर काय बदलतं

वेग म्हणजे काय हे बघायचं तर २०२२ चा ट्विटरचा दावा घ्या. ४४ अब्ज डॉलरच्या खरेदीतून इलॉन मस्क माघार घेऊ लागले, तेव्हा ट्विटरने १२ जुलैला डेलावेअरच्या चान्सरी कोर्टात दावा लावला. मस्क यांच्या बाजूला सुनावणी पुढच्या फेब्रुवारीत हवी होती. आठवड्याभरात, १९ जुलैला, चान्सेलर कॅथलीन मॅककॉर्मिक यांनी ती ऑक्टोबरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि पाच दिवस दिले. पुढचे अडीच महिने दोन्ही बाजूंचे वकील कागदपत्रं आणि जबान्यांमध्ये बुडालेले होते. सुनावणी तोंडावर आल्यावर मस्क व्यवहार पुरा करायला तयार झाले, त्यासाठी कोर्टाने २८ ऑक्टोबरपर्यंत वेळ दिला, आणि २७ तारखेला व्यवहार झाला. निकाल लिहायची वेळच आली नाही. तारीख खरी आहे, ती पुढे जाणार नाही, हे दोघांना पटलं की तडजोड लवकर होते.

पण रोजच्या दाव्यात वेळ आणि पैसा खाणारी गोष्ट म्हणजे डिस्कव्हरी. सुनावणीआधी एकमेकांकडून कागदपत्रं, ईमेल, लेखी प्रश्नांची उत्तरं आणि साक्षीदारांच्या शपथेवरच्या जबान्या घ्यायच्या, ही अमेरिकी दिवाणी पद्धत. लगाम नसेल तर ती बलवान पक्षाचं हत्यार होते: समोरच्याला कागद शोधण्यातच इतकं दमवायचं की तो मिळेल त्या रकमेवर मिटवेल.

न्यूयॉर्कच्या कमर्शियल डिव्हिजनने यावर केलेले नियम बघण्यासारखे आहेत. लेखी प्रश्न २५ पर्यंतच. जबान्या एका बाजूला १०, प्रत्येक जबानी ७ तासांची. जास्त हव्या असतील तर कारण दाखवून परवानगी घ्यायची. आणि सगळ्यांत उपयोगी नियम वकील-अशील गोपनीयतेच्या यादीचा. पूर्वीची पद्धत अशी: वकिलाशी झालेला ईमेल गोपनीय म्हणून रोखून ठेवायचा असेल तर प्रत्येक ईमेलची वेगळी ओळ. तारीख, पाठवणारा, घेणारा, विषय, रोखण्याचं कारण. दहा हजार ईमेल असले की दहा हजार ओळी. ते काम कनिष्ठ वकील ताशी दराने महिनोन्‌महिने करत बसायचे आणि समोरची बाजू ती यादी वाचायचीही नाही. कमर्शियल डिव्हिजनने २०१४ च्या नियमात कल दिला गटवार यादीकडे: ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, कंपनी आणि बाहेरच्या वकिलांमधला, या करारावरच्या सल्ल्याचा पत्रव्यवहार’, एवढं लिहून पुढे जायचं. दोन्ही बाजू तयार असतील तर आणखी पुढे जाता येतं. ज्युरी आणि काही हक्क सोडले की नऊ महिन्यांत दावा सुनावणीला तयार करण्याचा जलद मार्गही तिथे आहे.

तिसरी गोष्ट लेखी निकालांची. नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यानुसार बिझनेस कोर्टाच्या न्यायाधीशाला महत्त्वाच्या अर्जांवरचा आणि अंतिम निकाल कारणांसह लिहावा लागतो, आणि २०१४ च्या कायद्यापासून अपील मधल्या पायरीवर न थांबता थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जातं. हे वकिलांपुरतं नाही. करार लिहिणाऱ्याला आधीचे निकाल वाचून कळतं की अमुक शब्द वापरला तर कोर्ट त्याचा काय अर्थ लावेल, आणि अर्धी भांडणं करारातच मिटतात. लवाद आणि न्यायालय यांत हाच मोठा फरक आहे. लवादाचा निर्णय कपाटात जातो, अपिलाची वाट फार अरुंद असते, आणि लवादाची फी पक्षकारच भरतात. मोठ्या कंपन्या लवादाकडे वळल्या की राज्याच्या कायद्यावर नवे निकाल येणंच थांबतं. आमच्या दृष्टीने बिझनेस कोर्टाच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हा आहे.

न्यायाधीश कसा निवडायचा, आणि ज्युरीचं काय

टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, चार वर्षांसाठी. बिझनेस कोर्टाचे न्यायाधीश मात्र राज्यपाल नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. वय किमान ३५ आणि व्यापारी खटले किंवा व्यवहार अशा कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा. इथपर्यंत चांगलं. पण मुदत फक्त दोन वर्षांची. पुन्हा नेमता येतं, पण एखादा मोठा दावा दोन वर्षं सहज चालतो, म्हणजे न्यायाधीशाची मुदत आणि दाव्याचा निकाल एकाच वेळी डोक्यावर. डेलावेअरची बारा वर्षं आणि ही दोन वर्षं यांतला फरक साधा नाही. नेमणाऱ्याला किंवा बड्या पक्षकाराला न रुचणारा निकाल देताना न्यायाधीशाला पुढच्या नेमणुकीचा विचारही मनात येऊ नये, एवढी मुदत हवी. सहा वर्षांखाली जाऊ नये असं आम्हाला वाटतं.

एकट्या न्यायाधीशावर राज्यभराचं कोर्ट उभं करणंही धोक्याचं. जॉर्जिया आणि युटा दोघांनी तसंच सुरू केलं. तो न्यायाधीश आजारी पडला, किंवा त्याच्या जुन्या वकिली फर्मचा अशील समोर आला, की पर्याय शोधावा लागतो. आणि कायद्याचा एकच एक वाचक असला की त्याचे आग्रह हाच त्या राज्याचा व्यापारी कायदा होऊन बसतो.

ज्युरीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की बिझनेस कोर्ट म्हणजे ज्युरी नाही. डेलावेअरच्या चान्सरीबाबत ते खरं, तेही इक्विटीच्या परंपरेमुळे. दिवाणी दाव्यातला ज्युरीचा फेडरल घटनेतला हक्क राज्यांच्या कोर्टांना लागू होत नाही, पण बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या घटनांमध्ये तो आहे. म्हणून टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या बिझनेस कोर्टांत ज्युरी मागता येते. युटाने वेगळी वाट काढली: ज्युरी हवी असेल तर दावा जिल्हा कोर्टात जाईल. ज्युरीचा हक्क काढून घेण्याच्या फंदात राज्याने पडू नये. घटनेच्या लढाईत वर्षं जातात आणि कोर्टाची प्रतिमा पहिल्याच दिवशी डागाळते.

हे श्रीमंतांचं कोर्ट आहे का?

आक्षेप खोटा नाही. अपघातात हात गेलेला कामगार रांगेत उभा आणि दोन कंपन्यांसाठी वेगळी खिडकी, हे चित्र कोणालाही खुपेल. बचाव असा केला जातो की अवघड दावे बाजूला काढले की नेहमीची रांग मोकळी होते. ते खरं होतं ते एकाच परिस्थितीत: न्यायाधीशांची संख्या वाढली तर. आहे त्याच संख्येतून तीन न्यायाधीश उचलून बिझनेस कोर्टाला दिले, तर उरलेल्यांचा बोर्ड हलका झाला की जड, हे आकडे काढूनच सांगता येईल.

खर्चाचा काही भाग फीमधून येतो. नॉर्थ कॅरोलिनात बिझनेस कोर्टात दावा नेण्याची फी १,१०० डॉलर आहे. ज्यांना ही सोय हवी त्यांनी जास्त भरावं, हे न्याय्यच. पण फी इतकीही नको की छोट्या भागीदाराला परवडणार नाही. ज्या वादात गरीब भागीदार श्रीमंत भागीदाराशी लढतोय, तिथे चांगल्या न्यायाधीशाची गरज गरिबालाच जास्त असते.

आक्षेपाला खरं उत्तर न्यूयॉर्कने दिलं. कमर्शियल डिव्हिजनमध्ये वापरून पारखलेले अनेक नियम, लेखी प्रश्नांची आणि जबान्यांची मर्यादा त्यात आली, २०२१ मध्ये राज्यातल्या नेहमीच्या दिवाणी दाव्यांनाही लागू केले. हाच रस्ता आहे. व्यापारी दाव्यांचा विभाग ही प्रयोगशाळा धरायची, जिथे पक्षकारांकडे चांगले वकील आहेत आणि नवा नियम फसला तर तो झटका सोसायची ताकद आहे. टिकलेले नियम मग बाहेर न्यायचे. हे होणार नसेल तर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मान्य करावं लागेल.

यामुळे उद्योग राज्यात येतात का?

आमदार हे कोर्ट काढताना बहुतेक वेळा हेच कारण सांगतात, आणि आम्हाला हेच सगळ्यांत कच्चं वाटतं. फॉर्च्यून ५०० (अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या ५०० कंपन्यांची यादी) मधल्या दोन-तृतीयांशाहून जास्त कंपन्या डेलावेअरमध्ये नोंदलेल्या आहेत, पण बहुतेकींचे कारखाने तिथे नाहीत. नोंदणी एका राज्यात आणि धंदा दुसऱ्या राज्यात, हे अमेरिकेत अगदी सरळ आहे, आणि कंपनीच्या अंतर्गत कारभाराला नोंदणीच्या राज्याचा कायदा लागतो. डेलावेअरला त्यातून नोंदणी कराचं मोठं उत्पन्न मिळतं. ते खेचून घेण्याच्या आशेने दुसरं राज्य कोर्ट काढेल, तर त्याला फक्त इमारत मिळेल. डेलावेअरकडे निकालांचे ढीग आहेत, वकिलांच्या पिढ्या आहेत. वर्षाला मोजके दावे येणाऱ्या कोर्टाला ते जमवायला कित्येक दशकं लागतील.

टेक्सासची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मोठे धंदे प्रत्यक्षात आहेत, आणि टेस्लाने जून २०२४ मध्ये भागधारकांच्या मताने आपली नोंदणी डेलावेअरमधून टेक्सासला नेली. पण धंदे तिथे आधीपासून होते, कोर्ट त्यांच्या मागून आलं. न्यूयॉर्कचंही तसंच. १० लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या करारात न्यूयॉर्कचा कायदा आणि न्यूयॉर्कचं कोर्ट निवडलं असेल तर पक्षकारांचा त्या राज्याशी संबंध नसला तरी तिथे दावा लावता येतो, असा कायदा तिथे १९८४ पासून आहे. दावे आधी आले, विभाग नंतर झाला. ज्या राज्याच्या नेहमीच्या बोर्डावर अवघड व्यापारी दावे आधीच तुंबलेले नाहीत, त्याला हे कोर्ट नको.

तुंबलेले असतील, तर सुरुवात आहे त्याच कोर्टातल्या विभागाने करावी: दोन किंवा तीन न्यायाधीश, त्यांची मुदत लांब, आणि त्यांच्या जागी नेहमीच्या बोर्डावर तितकेच नवे. घटनादुरुस्ती, नवं अपील न्यायालय हे सगळं नंतर. टेक्सासने नव्या कोर्टाबरोबरच ऑस्टिनला पंधरावं अपील न्यायालय काढलं. ते घटनेत बसतं की नाही हा प्रश्न उघडण्याआधीच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल बाजूने लागला म्हणून वेळापत्रक टिकलं. विभागाने सुरुवात केली तर ही जोखीमच राहत नाही. पहिल्या दिवसापासून दर वर्षी आकडे जाहीर करावेत: दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंत मधल्या दाव्याला (लागलेल्या दिवसांच्या क्रमाने लावले तर बरोबर मध्ये येणाऱ्या) किती दिवस लागले, किती अर्ज साठ दिवसांच्या वर पडून आहेत, दरवाजातल्या वादावर किती दिवस गेले, आणि त्याच काळात नेहमीच्या बोर्डाचं काय झालं. शेवटचा आकडा सोडून बाकीचे देण्याचा मोह प्रत्येक कोर्टाला होतो.

आणि ज्याच्या राज्यात असं कोर्ट आधीच आहे त्या धंदेवाल्याने आपला भागीदारीचा करार आज उघडून बघावा. वाद कुठे चालेल हे कलम आहे का, त्यात बिझनेस कोर्टाचं नाव आहे का, आणि ते कोर्ट दावा घेऊ शकत नसेल तर दुसरं कोणतं, हे लिहिलंय का. टेक्साससारख्या राज्यात मोठ्या कराराचा दावा काही वेळा करारातल्या या संमतीवरच आत घेतला जातो. ते वाक्य घालायला वकिलाला पंधरा मिनिटं लागतात. भांडण सुरू झाल्यावर समोरच्याची सही त्यावर मिळत नाही.